खालच्या वावरातले करंज

एस.टी.च्या खिडकीतून झाडं बघायची खोड मला एम.एस्सी.च्या वर्षांत लागली, ती आजवर सुटलेली नाही. धुळ्याहून गाडी सुटली की लोक डुलक्या घेत, शेंगा सोलत. मी मात्र दोन्ही बाजूंना मान वळवत बसे. कुठे जमिनीवर पांढरी पापडी दिसते का, आणि दिसली तर तिच्यात एखादं झाड उभं आहे का, एवढंच बघायचं. एकदा शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना ते सहन झालं नाही. "भाऊ, काही हरवलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही काका, झाडं बघतोय."

"मंग बस ना निवांत. त्या कथा पळी ऱ्हायनात?"

झाडं पळत नव्हती, हे खरंच. पण माझ्याकडे वेळ नव्हता, आणि झाडांकडे तो भरपूर होता. त्या सगळ्या वर्षांचं दुखणं हेच होतं.

आमचं गाव धरणगावच्या बाजूचं, कापसाच्या पट्ट्यातलं. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आबांना, म्हणजे वडिलांना, सही करता येत असे. मायला तीही नाही. गावच्या शाळेतले गुरुजी आमच्या ओट्यावर येऊन बसले, आबांशी तास-तास बोलले, म्हणून मी धरणगावच्या हायस्कुलात गेलो आणि पुढे स्कॉलरशिपवर धुळ्याला. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा आमचे नाना, आबांचे चुलतभाऊ, पेढा तोंडात टाकत म्हणाले, "आपला खोडले विद्या कधी लागनी व्हती? हाऊ पोऱ्या कथाईन उना?"

सगळे हसले, मीही हसलो. पण हा गुण आला कुठून, या ज्या प्रश्नामागे मी पुढे धावलो, तो नानांनी असा आधीच विचारून ठेवला होता. त्यांना ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

आमची जमीन दोन ठिकाणी. गावाला लागून वरचं वावर, आणि नाल्याकडे उतरत गेलेलं खालचं वावर. माझ्या लहानपणी गावात पाटाचं पाणी आलं, तेव्हा सगळ्यांनी खालच्या वावराचा हेवा केला. पाणी आपसूक उतरायचं, जितकं हवं तितकं. आबांनी दिलं, शेजाऱ्यांनी दिलं, वर्षानुवर्षं दिलं. जमीन ओली राहू लागली, मग उन्हाळ्यात तिच्यावर मिठासारखी पापडी धरू लागली, मग पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडू लागली. विहिरीचं पाणी आधी मचूळ झालं, मग खारं. मी कॉलेजात जाईपर्यंत खालचं वावर चोपण झालं होतं. पावसात पाय रुतायचा आणि उन्हात तीच जमीन दगडासारखी व्हायची. ढोरंसुद्धा तिकडे वळत नसत.

फक्त नाल्याच्या कडेला, अगदी त्या पांढऱ्या पापडीत, एक करंज उभा होता. डेरेदार, चकचकीत पानांचा. चैत्रात त्याच्या फुलांचा सडा त्या पापडीवर पडायचा आणि मधमाश्यांचा आवाज बांधापर्यंत ऐकू यायचा.

धुळ्याला माझे मार्गदर्शक सर नवा विषय शोधत होते. मी त्यांना त्या झाडाबद्दल सांगितलं. म्हटलं, "सर, त्या झाडाचं बी घेतलं तर ते खाऱ्या जमिनीत येईल. त्याच्या रक्तातच असणार ते."

सर खुर्चीतून उठले आणि खिडकीशी गेले. त्यांना विचार करायचा असला की ते उभे राहत.

"कशावरून?" ते म्हणाले.

"झाड उभं आहे ना तिथे."

"तुमच्या गावात पाट कधी आला?"

"मी पहिली-दुसरीत असताना."

"आणि झाड?"

झाड आबांच्या लहानपणीही होतं, ते मी सांगितलं.

"म्हणजे झाड वाढलं तेव्हा जमीन चांगलीच होती," सर म्हणाले. "मीठ मागून आलं, तोवर याची मुळं खोल गेलेली. खाली गोडं पाणी लागलं असेल. उद्या त्याचं बी वरच्या खाऱ्या मातीत रुजवलंस आणि ते मेलं, तर? गुण बियाचा आहे की मुळाला लागलेल्या पाण्याचा, हे झाडाकडे नुसतं बघून कळत नाही, भाऊ. त्याची पोरं वेगळी वाढवून बघावी लागतात."

त्या वाक्याने मी झपाटलो. उन्हाळ्यात मी करंजाच्या शेंगा गोळा करत फिरलो. नाल्यावरच्या करंजाच्या वेगळ्या, गावातल्या देवळामागे गोड्या विहिरीशी जो करंज होता त्याच्या वेगळ्या, आणखी चार ठिकाणच्या वेगळ्या. एका झाडाच्या बियांत दुसऱ्याचं बी मिसळू द्यायचं नाही. कॉलेजच्या रोपवाटिकेत काळ्या पिशव्या भरल्या, प्रत्येक रोपाला पत्र्याची पट्टी बांधली आणि पट्टीवर खिळ्याने त्याच्या आईचं नाव ठोकलं: नाला, देऊळ, मसणवट, असं. वर्षभर सगळ्यांना गोडं पाणी. होळीनंतर प्रत्येक आईची निम्मी पोरं खाऱ्या पाण्यावर घालायची आणि निम्मी गोड्यावरच ठेवायची, म्हणजे मेलेलं रोप मिठाने मेलं की नुसतंच मेलं, ते कळलं असतं.

रोपांचा आणि मिठाचा झगडा कसा असतो ते सरांनी मला रोपवाटिकेत उकिडवं बसून समजावलं. काही झाडांची मुळं मीठ आतच येऊ देत नाहीत. काहींना ते अडवता येत नाही, मग ती आलेलं मीठ खालच्या जुन्या पानांत साठवतात. ती पानं करपून गळतात आणि शेंड्याची कोवळी पानं वाचतात. "यातलं कोणतंच काम एका जनुकाचं नाही," सर म्हणाले. "थोडं इथलं, थोडं तिथलं, असं पुष्कळ मिळून होतं. म्हणून तर हे सापडायला अवघड." मी मान हलवत होतो, पण माझं लक्ष रोपांच्या शेंड्यांकडे होतं. ती किती हळू वाढत होती! मी सकाळी बघायचो, लेक्चर संपलं की बघायचो, जेवून आलो की बघायचो. सर एकदा म्हणाले, "अरे, तुझ्या बघण्यानेच सुकतील ती."

घाईचं कारण कॉलेजात नव्हतं, गावात होतं.

त्या वर्षी दिवाळीला गेलो तेव्हा कळलं की रस्त्याच्या भरावाची कामं घेणारा एक ठेकेदार खालच्या वावराची माती मागतो आहे. वरची माती पुरुषभर खोल उचलून न्यायची आणि आबांना त्याचा मोबदला द्यायचा. आजूबाजूच्या दोघांनी हो म्हटलं होतं. आबांनी मला बांधावर नेलं. बराच वेळ ते पायाने एक ढेकूळ उलटंसुलटं करत राहिले.

"तू त्या करंजनं काय करी ऱ्हायना, ते नाना सांगत व्हता," ते म्हणाले. "आठे, या वावरमा, झाडं लागतीन का?"

"अजून माहीत नाही, आबा. बघतोय."

"बियाना गुण शे का पानीना, तेच ना?" सरांचा प्रश्न मी मायला सांगितला होता, तो त्यांच्यापर्यंत पोचला होता. "मी त्याले आखाजीलगून थांबाले सांगेल शे. आखाजीले सांग. तू हो म्हनना ते ठेवू. नही ते नेऊ दे त्याले माती."

आमच्याकडे शेतीचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, त्या दिवशी नवा धरतात, जुना सोडतात. वाटे-बटाईचे शब्द त्या दिवशी ठरतात. आबांनी दिलेली मुदत म्हणून साधीसुधी नव्हती. त्यांनी ठेकेदाराला शब्द दिला होता आणि तो माझ्या उत्तरावर टांगून ठेवला होता.

मी धुळ्याला परतलो तो झोप हरवूनच. पांझरेच्या काठाने फेऱ्या मारायचो. हॉस्टेलमधली पोरं म्हणायची, "याला प्रेम झालं." झालं असतं तर बरं, असं वाटायचं. झाड बोलत नाही आणि आबा वाट बघतात, या दोन गोष्टींच्या मधे मी अडकलो होतो.

त्यात उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच कॉलेजच्या रोपवाटिकेचे नळ आटले. टँकर यायचे, पण प्रत्येक टँकरचं पाणी वेगळ्या विहिरीचं. सर म्हणाले, "आपण मोजून मीठ घालतोय आणि पाणी आधीच किती खारं ते ठाऊक नाही. याला प्रयोग म्हणत नाहीत." शेवटी ठरलं की पिशव्या आमच्या गावी न्यायच्या. तिथे देवळामागची विहीर गोड होती आणि खालच्या वावरातली खारी. दोन्हींचं पाणी सरांनी तपासून घेतलं. ज्या जमिनीत झाडं लावायची तिचंच पाणी त्यांना पाजायचं, हे तर आणखी चांगलं.

धुळ्याहून धरणगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी आणायला एक ट्रक रिकामा जात होता. त्याचा चालक धुळ्याच्या जुन्या वस्तीतला, सगळे त्याला चाचा म्हणत. पिशव्या चढवताना त्यानेही हात लावला. एरंडोल आलं तेव्हा तो म्हणाला, "औषधाचे झाड आहेत का, साहेब?"

"नाही. यांना खारं पाणी पाजून बघायचं, कोण जगतं ते."

"मतलब इम्तिहान."

"हो, तसंच."

त्याने गिअर बदलला. "और जो फेल हुए?"

मी मागे वळून ताडपत्रीखालची रोपं नीट आहेत का ते बघितल्यासारखं केलं.

घराच्या परसात पऱ्हाट्यांचा मांडव घालून दोन बाजूंना पिशव्या लावल्या. आबा रोज खालच्या विहिरीचं पाणी टिपाडात भरून बैलगाडीवर आणून देत. गोडं पाणी माय देवळामागून हंड्याने आणी. मी मोजून घालायचो. परसातून आत, आतून परसात, अशा माझ्या खेपा चालत. माय म्हणायची, "पाय शे का भोवरा?"

आणि हळूहळू फरक दिसू लागला. खाऱ्या बाजूला देवळाच्या करंजाची पोरं आधी मलूल झाली, त्यांच्या पानांच्या कडा तांबूस पडल्या, मग करपल्या. नाल्याच्या करंजाची बरीचशी पोरं मात्र तजेलदार होती. सगळी नाही, पण बरीचशी. मी ते सरांना कळवलं. सरांनी उलट निरोप पाठवला: पानं करपणं म्हणजे निकाल नव्हे. शेंडे मरेपर्यंत थांब. पावसाळ्याच्या तोंडाशी बोलू.

आखाजी त्याआधी होती.

आखाजीच्या तोंडावर मला धुळ्याला जावं लागलं. बाहेरून परीक्षक आले होते, त्यांच्यासमोर कामाची माहिती द्यायची होती. अक्का, माझी मोठी बहीण, नुकतीच माहेरी आली होती. तिला मी मांडवात नेऊन समजावलं, "अक्का, या बाजूला टिपाडातलं पाणी, त्या बाजूला हंड्यातलं. या डब्याने मोजून. बस."

"कळनं रे बाप्पा. जा तू," ती म्हणाली.

धुळ्यात परीक्षकांनी चांगलं म्हटलं. मी आखाजीच्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. आबांना काय सांगायचं ते वाटेत मनात घोळवत होतो. सरांचं 'थांब' बाजूला ठेवून मी 'हो' म्हणायच्या अगदी जवळ आलो होतो.

घराशी पोचलो तर अंगणातल्या निंबाला झोके बांधलेले आणि माहेरवाशिणी गाणी म्हणत उंच झोके घेत होत्या. घरी देवापुढे पितरांच्या नावाने नवी घागर भरून ठेवलेली, खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास सुटलेला. अक्काने मला दारातच धरलं. "भाऊ, चाल, दख! कशी हिरवी व्हई ग्यात!"

मी मांडवात गेलो. खाऱ्या बाजूच्या पिशव्या ओल्या गच्च होत्या. माती काळीभोर, खालून पाणी पाझरून वाहत गेलेलं. मान टाकलेली रोपं ताठ झाली होती. देवळाच्या करंजाची करपलेली पानं कोणीतरी हळुवार खुडून टाकली होती आणि शेंड्यांना तजेला आला होता. पिशव्या उंचीप्रमाणे सुरेख ओळीत लावल्या होत्या. मी एका पिशवीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं.

"कोणी घातलं हे?"

"सगळ्यासनी," अक्का म्हणाली. "तू गया त्या दिनपासून मीच देस. आज ते पोरीसनी घागरीवर घागरी आन्यात, देऊळथाईन, डोकावर."

"मी काय सांगून गेलो होतो?" माझा आवाज चढला. झोक्यावरच्या मुलींचं गाणं थांबलं.

माय पोळपाट सोडून आली, हाताला पीठ तसंच. "मी सांगं तिले," ती म्हणाली. "आखाजीना दिन शेतस. पितरंसले पानी देतस आपन. अन् दारमा या लेकरं माना टाकीसन उभी. या दिनसमा कोनी तहानेल ऱ्हावाले नको, भाऊ."

"माय, ती मरतात का तेच तर बघायचं होतं!"

हे मी मोठ्याने बोललो, आणि अंगणात सगळ्यांनी ते ऐकलं. माय माझ्याकडे बघत राहिली. तिला मी काय शिकतो ते आजवर नीट कळलं नव्हतं. आता कळलं, आणि ते तिला आवडलं नाही.

अक्काच पुढे आली. "मोठा मास्तर शे आमना! झाडले पानी पाजं म्हनीसन रागे भरस." मुली खुदकन हसल्या आणि झोका पुन्हा सुरू झाला.

मी मांडवात बसून राहिलो. पट्ट्या सगळ्या जागेवर होत्या. कोणत्या रोपाची आई कोण, हे अजून कळत होतं. पण कोणी किती मीठ सोसलं, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. कोवळ्या अंगातलं मीठ त्या घागरींनी धुऊन नेलं होतं. आईचं नाव शाबूत आणि पाण्याचा हिशेब बुडालेला, अशी ती रोपं माझ्यासमोर टवटवीत उभी होती. त्या मुलींनी भर उन्हात देवळामागून किती खेपा केल्या असतील, हेही दिसत होतं. त्यामुळे रागाला धड जागा मिळेना आणि तो जाईनाही.

ठेकेदार ऊन कललं तेव्हा आला. मोटारसायकल लावून ओट्यावर टेकला. मायने त्याला पुरणपोळी आणि आमरस वाढला. आमच्याकडे आखाजीला आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही, मग तो माती न्यायला आलेला का असेना. नानाही येऊन बसले होते.

"मग आबा, उद्यापासून लावू ना ट्रॅक्टर?" तो ओठांवरचा आमरस पुसत म्हणाला. "नाहीतरी पीक येत नाही त्या मातीत. निदान रस्ता तर होईल. तुमच्या मातीवरून गाड्या पळतील!"

"गाड्या पळतीन, अन् आमी खड्डामा मासे धरू," नाना म्हणाले. ठेकेदारही हसला.

आबा हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग भाऊ. लागतीन का झाडं?"

ते सगळे माझ्याकडे बघत होते. माय दाराशी उभी होती. मी 'हो' म्हटलं असतं तर कोणी पुरावा मागितला नसता. मी कॉलेजातून आलो होतो, तेवढं पुरेसं होतं. आणि मला तसं वाटतही होतं. करपलेली आणि तजेलदार पानं मी डोळ्यांनी पाहिली होती. पण सरांचं 'कशावरून?' कानात होतं.

"आबा, मला वाटतं लागतील," मी म्हणालो. "पण माहीत नाही. आज सकाळपर्यंत थोडं माहीत होतं, आता तेही नाही. आणखी एक साल लागेल."

ठेकेदार खुश झाला. "बघा, इतका शिकूनही पोरगा म्हणतो माहीत नाही. मग आता—"

"थांब जरासा," आबा म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातली काडी उचलली, ओट्यावरच्या धुळीत एक रेघ मारली, पुसली. मग मला विचारलं, "परसमा ज्या पिशव्या शेतस, त्या वावरमा लावता येतीन?"

"येतील."

"सगळ्या?"

"सगळ्या. पण त्यातल्या कितीतरी मरतील, आबा. खूप मरतील."

आबांनी काडी मोडून टाकली. "झाड मरनं ते सरपन व्हई," ते म्हणाले. "माती गई ते खड्डा ऱ्हाई." मग ठेकेदाराकडे बघून हात जोडले. "शब्द आखाजीलगूनच व्हता, भाऊ. पोटभर जेव अन् दुसरं वावर दख."

त्याने थोडी घासाघीस केली, थोडा रागावला, आणखी एक पोळी खाल्ली आणि गेला.

मी सरांना हे सगळं जसंच्या तसं जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलताना दिसले. ते हसत होते. "आखाजीच्या घागरी," ते म्हणाले. "हे कुठल्याच पुस्तकात सावधगिरी म्हणून दिलेलं नाही." मग गंभीर होत म्हणाले, "पण तुझ्या वडिलांनी प्रयोग सुधारला. पिशवीत मीठ मोजून देत होतो आपण. आता वावरच परीक्षा घेईल. प्रत्येक आईची पोरं विखरून लाव, सगळी एका जागी नको. आणि कडेने चारी बाजूंना एक ओळ जास्तीची लाव. ती मोजायची नाही."

"मोजायची नाही तर कशाला, सर?"

"कडेच्या झाडांना ऊन, वारा, बांधाचं पाणी, सगळं वेगळं मिळतं. त्यांच्यावरून आतल्यांची परीक्षा करायची नसते. ती ओळ आतल्यांना सांभाळायला असते."

आषाढात आम्ही रोपं लावली. आबांनी आणि मी खड्डे घेतले, अक्काने पिशव्या पुरवल्या. मायला मी बांधाजवळच्या कडेच्या ओळीशी नेलं. आखाजीपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

"माय, ही ओळ तुझी," मी म्हणालो. "हिला कितीही पाणी दे. घागरीने दे, हंड्याने दे. आतल्यांना मात्र एक थेंबसुद्धा नाही."

तिने त्या ओळीकडे बघितलं, मग आतल्या रोपांकडे. "अन् त्यासनं काय?"

"त्यांचं त्यांनी बघायचं."

"हाई काय न्याय शे," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच तिचा हंडा त्या ओळीवर रिकामा झाला होता.

माझी एम.एस्सी. एक साल उशिरा झाली. प्रबंधात शेवटी लिहावं लागलं की कल दिसतो, पण निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. धुळ्यातच एका ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागलो. आणि दर सुटीला तीच एस.टी., तीच खिडकी, वावरात पोचेपर्यंत तीच तगमग. वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तरी मला थांबवत नसे. झाडं मेली, पुष्कळ मेली. आबांनी खरोखर त्यांचं सरपण केलं. पण पुष्कळ उरलीही.

नव्वद सालाच्या पुढे, सर निवृत्त होण्याआधी, मी त्यांना वावर दाखवायला आणलं. ओळींतून ते हळूहळू चालले. पट्टी हातात घ्यायची, आईचं नाव वाचायचं, मग वर बघायचं. नाल्याच्या करंजाची पोरं इतरांपेक्षा जास्त जगली होती, पण त्यांतलीही कितीतरी खुरटलेली होती. देवळाच्या करंजाची जवळजवळ सगळी मेली होती. आणि वावरातलं सगळ्यांत उंच, सगळ्यांत हिरवं झाड, त्याच्या पट्टीवर लिहिलं होतं: देऊळ.

"हे कसं, सर?" हा प्रश्न मला झोपू देत नव्हता.

"आई कोण ते आपण लिहिलं," सर म्हणाले. "बाप कोण ते मधमाशीला माहीत. कुठल्या झाडाचा पराग आणला तिने, कुठला गुण कुठल्याशी जुळला! गोड्या विहिरीवर वाढलेल्या आईच्या अंगातही तो असू शकतो. कधी गरज पडली नाही, म्हणून दिसला नाही."

आबा मागून येत होते. त्यांनी विचारलं, "मंग मास्तर, बियाना गुण का पानीना?"

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग तूच."

"बी तर आहेच, आबा," मी म्हटलं. "पण किती बी आणि किती पाणी, ते या झाडांच्या पोरांवरून कळेल. ती लावायला हवीत."

"म्हंजे आखो थांब!" आबा म्हणाले. "मंग इतली वर्षं काय शिकना तू?" आणि ते मनापासून हसले. मीही हसलो, पण मनात पुढच्या शेंगा कधी भरतील त्याचे महिने मोजायला लागलो होतो. करंजाला शेंगा यायला वर्षं लागतात. त्या शेंगांची झाडं व्हायला आणखी. माणसाच्या एका आयुष्यात अशा किती पिढ्या बसणार, हा हिशेब मी नको असताना करत असतो, आणि तो केला की मला बसवत नाही. उठून वावरात एक फेरी मारावी लागते.

त्या फेरीत मी एका जागी थोडा थांबतो. आखाजीला पितरांची घागर पुजून झाली की माय ती कमरेवर घेऊन हळूहळू खालच्या वावरात येते. बांधाजवळ तिची ओळ आता चांगली वाढली आहे. एका झाडाला थोडं, पुढच्याला थोडं, असं करत ती घागर रिती करते. मग रिकामी घागर बांधावर ठेवून आतल्या झाडांकडे बघते. मी मोजमापाची फीत खिशात घालून तिच्याशेजारी जाऊन उभा राहतो. ही ओळ माझ्या प्रबंधात कुठेच नाही. तिच्यातलं एकही झाड मी कधी मोजलेलं नाही, आणि त्यांच्या आया कोण, ते सांगणाऱ्या पट्ट्या मायने केव्हाच काढून टाकल्या. त्या बुंध्याला टोचत होत्या म्हणे.